आधी कान बघा : भटकी कुत्री, पाळीव कुत्री आणि सोसायटीचं गेट

मागच्या अंकात आम्ही ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून प्राण्यांविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं कुत्र्यांबद्दलच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीने तीनदा तक्रार केल्यावर महापालिकेची गाडी आली, चार कुत्री उचलली आणि आठवड्याने तीच कुत्री पुन्हा गेटवर आणून सोडली. मग नेली कशाला? त्यांना कायमचं दूर का सोडत नाहीत?
*– गृहनिर्माण सोसायटीचे सचिव, कोपरखैरणे*

नेली ती नसबंदीसाठी, आणि परत आणून सोडणं हा त्याच कामाचा भाग आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस केंद्रात ठेवायचं, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि मग सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानेही हीच पद्धत कायम ठेवली. त्यातून फक्त रेबीज झालेली किंवा झाल्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आगारं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री परत तिथे सोडू नयेत असं सांगितलं. निवासी सोसायट्या त्या यादीत नाहीत.

कायदा बाजूला ठेवला तरी दूर सोडण्यात फायदा नाही. तुमच्या गेटवर चार कुत्री राहतात, कारण तिथे चार कुत्र्यांपुरतं खाणं आहे : ओल्या कचऱ्याचा डबा, कोपऱ्यावरची चायनीजची गाडी, कोणीतरी टाकलेली पोळी. ती चार गेली की पलीकडच्या सेक्टरमधली येतात आणि त्यांची नसबंदी झालेली असेलच असं नाही. दूर सोडलेलं कुत्रंही तिथे गप्प बसत नाही. तिथल्या कुत्र्यांशी भांडतं, घराच्या ओढीने ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडू पाहतं आणि बहुतेक वेळा गाडीखाली येतं.

खरी अडचण तुमच्या तक्रारीत आहे. ‘भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आहे, बंदोबस्त करावा’ एवढ्या ओळीवर गाडी येते, पण माणसांना कोणतं कुत्रं धरायचं ते कळत नाही. हाताला लागतात ती माणसाळलेली, आणि त्यांच्या कानाला बहुधा आधीच खाच असते. लाजरी मादी गाडीचा आवाज ऐकूनच पसार होते. वर्षाला आठ-दहा पिल्लं देणारी तीच. एका परिसरातली साधारण ७० टक्के कुत्री एका विणीच्या चक्रात आटोपली तरच संख्या खाली येते. वर्षभर दोन-दोन करून उचलली तर मधल्या काळात नवी पिल्लं ती जागा भरून काढतात.

म्हणून तक्रारीआधी वही करा. सकाळी सहा वाजता सुरक्षारक्षकाला बरोबर घेऊन एक फेरी मारली की काम होतं. दर कुत्र्याला एक ओळ आणि एक फोटो. नोंद अशी असावी : ‘तपकिरी मादी, पुढचा डावा पाय पांढरा, कानाला खाच नाही, स्तनं ओघळलेली, गेट क्र. २, पहाटे टेम्पोखाली.’ स्तनं ओघळलेली असली तर पिल्लं जवळपास आहेत. ती दूध सुटण्याइतकी, म्हणजे किमान दोन महिन्यांची होईपर्यंत आईला उचलता येत नाही. सहा महिन्यांखालच्या पिल्लांचीही नसबंदी होत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लापुढे ‘चार महिन्यांनी’ असं लिहून ठेवा. खाच नसलेल्या माद्या यादीत वर घ्या. दहातल्या नऊ नरांची नसबंदी झाली तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो.

गाडी पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान मागा. अकराला आली तर रिकामी परत जाईल. जो रोज खायला घालतो त्याने आदल्या रात्री घालू नये आणि सकाळी स्वतः पट्टा घालून कुत्रं गाडीपर्यंत आणावं. पोट रिकामं असलं की भूल सुरक्षित असते, आणि जाळं टाकायची वेळ येत नाही. नेलेल्या प्रत्येक कुत्र्याचा टॅग क्रमांक वहीत टिपा. सोडायला येतील तेव्हा क्रमांक आणि कुत्रं जुळवून बघा, जागाही तीच आहे ना ते पाहा.

नसबंदीने नरांची मारामारी आणि पिल्लांवरून अंगावर येणं कमी होतं. रात्रीचं भुंकणं फारसं कमी होत नाही. सगळ्यात मोठा गैरसमज खाचेबद्दलचा आहे. खाच म्हणजे नसबंदी झाली आणि त्या वेळी एकदा लस मिळाली, एवढंच. रेबीजची लस दरवर्षी लागते. २०२३ ची खाच पाहून आज निर्धास्त राहू नका. वहीत ‘शेवटची लस’ असा रकाना ठेवा आणि वार्षिक लसीकरणासाठी वेगळा अर्ज करा. हा अर्ज जवळजवळ कोणीच करत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीवर गल्लीतल्या कुत्र्याने ओरखडा काढला. रक्ताचा थेंब आला होता. घरी हळद लावली आणि दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली आहेत, शून्याव्या (म्हणजे पहिल्या इंजेक्शनच्या) आणि तिसऱ्या दिवशी. कुत्र्याच्या कानाला खाच आहे आणि ते ठणठणीत आहे. पुढची इंजेक्शनं घ्यायलाच हवीत का?
*– एक आई, कळवा*

हो. आणि हे वाचताय तो दिवस सातव्याच्या आत असेल तर आजच पुन्हा डॉक्टरांकडे जा. रक्त आलेला ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत मोडतो. या श्रेणीत लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, म्हणजे तयार प्रतिपिंडं थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचायची. लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर लागतो. तो मधला काळ हे इंजेक्शन सांभाळतं. पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंतच ते देतात. ‘ओरखडाच तर आहे’ म्हणून नेमकं हेच राहून जातं. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या औषधाचं प्रमाण किलोला ४० युनिट, म्हणजे २५ किलोच्या मुलाला १,००० युनिट. मानवी रक्तापासून केलेल्याचं निम्मं, किलोला २०. दंडात टोचून पाठवून दिलं, तर ‘जखमेत किती गेलं?’ असं विचारायला संकोचू नका.

लस दोन पद्धतींनी देतात. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत बहुधा त्वचेत, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगीत बहुतेक वेळा स्नायूत, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जमेल तिथवर मध्येच पद्धत बदलू नका. एखादी तारीख चुकली तर लक्षात आल्या दिवशी घ्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पार्श्वभागावर ही लस टोचून घेऊ नका, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं जुन्या लसीची होती. ती लस भारतात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली.

कुत्र्यावर चावल्यापासून दहा दिवस लक्ष ठेवा. ते बरं राहिलं तर उरलेल्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करू, हा हिशेब जिवावर बेततो. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही.

हळदीबद्दल : हळद, तिखट, चुना, तंबाखू यांतलं काहीही लावायचं नाही. जखम नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पाहिलंत तर १५ मिनिटं किती लांब असतात ते कळेल. बहुतेक जण दोन मिनिटांत आटपतात. विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून महागड्या जंतुनाशकापेक्षा अंघोळीचा साबण आणि पाण्याची धार जास्त उपयोगी. टाके शक्यतो घालू नयेत.

लसीचं कार्ड जपून ठेवा. पुढे कधी कुत्रं चावलंच तर पूर्ण कोर्स झालेल्याला ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

मी रोज रात्री अकरा कुत्र्यांना खायला घालते. कमिटी म्हणते गेटबाहेर घाला, गेटबाहेरचे दुकानदार म्हणतात आत घाला.
*– एक वाचक, घोडबंदर रोड*

दोघांनाही हात झटकता येणार नाहीत. २०२३ च्या नियमांनुसार सोसायटीने परिसरात खाण्याची जागा ठरवून द्यायची असते. ती जिने, ये-जा करण्याचं दार आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर हवी. वेळही मुलांची आणि वृद्धांची वर्दळ टाळून ठरवायची. एकमत झालं नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणिकल्याण संस्था, तक्रारदार आणि सोसायटी यांचे प्रतिनिधी असलेली समिती निर्णय देते. रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मनाई केली आहे. त्यासाठी महापालिकेने प्रभागनिहाय जागा नेमायच्या आहेत.

गेटवर खायला घालणं सगळ्यात वाईट. कुत्रं खाण्याची जागा राखतं आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीमागे धावतं. जागा सोसायटीच्या मागच्या भिंतीकडे हलवायची असेल तर एकदम हलवू नका. रोज वीस-पंचवीस पावलं सरका, आठवड्यात कुत्री येऊ लागतात. दर कुत्र्याची पत्रावळ वेगळी, दोन पत्रावळींत पाच-सहा फूट अंतर. पंधरा किलोच्या देशी कुत्र्याला दिवसाला अर्धा ते पाऊण किलो भात-चिकन किंवा पाव किलो कोरडं खाद्य पुरतं. बिस्किटं नकोत, कांदा-लसूण घातलेली भाजी नको, शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत, त्यांचे तुकडे आतड्यात घुसतात. वीस मिनिटांनी उरलेलं उचलून जागा धुवायची. हे केलंत तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. अकरांपैकी किती कानांना खाच आहे ते पुढच्या बैठकीत तुम्हीच सांगा. खायला घालणाऱ्याला सगळी कुत्री जवळ येऊ देतात, ती वही तुमच्याइतकी चांगली कोणी लिहू शकणार नाही.

तुमची इमारत येऊरच्या जंगलाला लागून असेल तर रात्रीचं खाणं बंद करून दुपारी घाला. उष्ट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या.

पन्नास दिवसांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं आहे. सोसायटी अनामत रक्कम मागते, लिफ्टमध्ये नेऊ नका म्हणते, मझल (मुसकं) लावा म्हणते. कुठून सुरुवात करू?
*– नेरूळ*

लसीपासून. (आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकणं २०१७ च्या श्वानपैदास नियमांत बसत नाही. विकणाऱ्याने दिलेल्या कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं नसेल तर ती लस झाली असं धरू नका.) डिस्टेंपर आणि पार्वो या पिल्लांच्या दोन जीवघेण्या आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना आणि पुढे दरवर्षी. लेप्टोची पावसाळ्यापूर्वी, कारण तुंबलेलं पाणी आणि उंदीर आपल्याकडे दोन्ही आहेत. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर टेकवू नका. पार्वो मातीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनाईलने मरत नाही. फरशीला ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी.

रेबीजचं प्रमाणपत्र हातात आलं की महापालिकेचा श्वान परवाना काढा आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा.

सोसायटीचं म्हणाल, तर प्राणी पाळायला बंदी, लिफ्ट नाकारणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे घेणं यांतलं काहीच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. पट्टा मात्र तुमची जबाबदारी, शीही तुम्हीच उचलायची. कागदाने उचला आणि घरच्या संडासात टाका, पावसाळी गटारात नको. निष्काळजीपणामुळे प्राण्याने कोणाला इजा केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मझल सक्तीचं नाही. लावलंच तर पिंजऱ्यासारखं जाळीचं घ्या, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील. तोंड आवळणारी नायलॉनची पट्टी आपल्या दमट हवेत धोक्याची, कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं.

कुत्रं झेपेनासं झालं म्हणून कोणी येऊरला सोडून आला तर तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड १९६० सालचाच आहे, १० ते ५० रुपये. रिक्षाभाडंही त्याहून जास्त होतं.

मांजराला ताप आहे असं वाटतं, घरातली क्रोसिन चालेल का? *– वाशी*

नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचं गोचिडाचं औषधही मांजराला लावू नका.

पावसाळ्यात गाई रस्त्याच्या मधोमध का बसतात? *– घणसोली*

डांबर कोरडं आणि उबदार असतं, उघड्यावर वारा लागतो म्हणून माश्या कमी. हाकलून उपयोग नाही, तासाभरात परत येतात. बहुतेकींना मालक असतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असेल तर त्याचा फोटो काढून तक्रारीला जोडा. मालक शोधायला तेवढा पुरतो.

नवी मुंबई महापालिकेकडे दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा बंद केली गेली. का? *– खारघर*

कारण खारघर त्यांच्या हद्दीत येत नाही. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल २०१६ पासून पनवेल महापालिकेकडे आहेत. तसंच कळवा, मुंब्रा आणि दिवा ठाण्यात. तक्रार योग्य महापालिकेकडे पाठवा आणि सोबत वहीतलं पान जोडा.