वाचकांचे प्रश्न : सुरमई, तव्यापासून गळापर्यंत

प्रश्न : रोहू छान तळता येतो, पण सुरमईचे काप तव्याला चिकटतात आणि उलटवताना रव्याचा थर खालीच राहतो. काय चुकतं? – एक वाचक, मनीषनगर

पाणी. नागपुरात येणारी सुरमई बर्फातली किंवा गोठवलेली असते. गोठलेले काप घाईत कोमट पाण्यात टाकले की वरचं मांस भुसभुशीत होतं आणि आत बर्फ तसाच राहतो. त्याऐवजी रात्री काप चाळणीत ठेवा, खाली ताटली ठेवा आणि फ्रिजमध्ये सरकवा. सकाळी ताटलीत जमलेलं पाणी पाहिलंत की रवा का सुटत होता ते कळेल. मग काप स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. मधल्या काट्यालगत काळसर रक्त साकळलेलं असेल तर सुरीच्या टोकाने खरवडून काढा, उग्र वास तिथूनच येतो.

अर्धा किलोला, म्हणजे दीड सेंटिमीटर जाडीच्या पाच-सहा कापांना, एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दीड चमचा तिखट, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि दोन चमचे कोकमाचं आगळ लावा. आगळ खारं असेल तर मीठ निम्मं करा. वीस मिनिटं पुरे. तासभर ठेवलंत तर मिठाने पुन्हा पाणी सुटेल. चार चमचे बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ एकत्र करा, पण काप तव्यात सोडायच्या क्षणीच त्यात घोळवा. तेलात रव्याचा कण टाकून बघा, तडतडला तरच तवा तयार. मध्यम आचेवर चार मिनिटं हात लावू नका, कड सोनेरी झाली की काप आपणहून सुटतो. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं.

सावजी मसाला मात्र इथे नको. त्यातले भाजलेले मसाले तव्यावर माशाआधी करपतात आणि कडवटपणा येतो. तो मरळच्या रश्श्यालाच शोभतो.

प्रश्न : सुरमई खाल्ल्यावर अर्ध्या तासात दोघांचे चेहरे लालबुंद झाले, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकलं. मासोळीला वास नव्हता, शिजलीही नीट होती. ही ॲलर्जी का? – एक वाचक, महाल

एकाच ताटातलं खाऊन दोघांना एकदम झालं, म्हणजे ॲलर्जीपेक्षा हिस्टामिनची, म्हणजे खाज-लाली आणणाऱ्या रसायनाची, बाधा असण्याची शक्यता जास्त. सुरमई, बांगडा, टूना यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा काही तास उन्हाळी हवेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रिझरमध्येही जात नाही. वास येईलच असंही नाही. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास तिथेच थांबवा. खाज-लाली डॉक्टरांच्या औषधाने उतरते, पण श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. मे महिन्यात बाजारातून येताना डब्यात बर्फ न्या, आणि पाटीवर बर्फाविना पडलेले काप घेऊच नका. शक्य असेल तर अख्खा मासा समोर कापून घ्या : कल्ले लाल, डोळा फुगीर, पोट न फाटलेलं. तीन किलोच्या सुरमईचे साधारण दोन किलो काप निघतात, हे भाव ठरवताना ध्यानात असू द्या.

प्रश्न : डिसेंबरात मालवणला जातोय. गळाने सुरमई धरून नागपूरला आणता येईल का? – एक वाचक, धरमपेठ

धरता येते, पण तलावावरचा गळ तिथे चालणार नाही. सुरमईचे दात कात्रीसारखे असतात, नायलॉन एका झटक्यात तुटतो. म्हणून गळाआधी फूटभर बारीक स्टीलची तार हवी. आमिष तारलीचं किंवा छोट्या बांगड्याचं. सुरमई आधी आमिषाची शेपटी कापते आणि मग उरलेलं गिळायला वळते. त्यामुळे एकच गळ तोंडाशी लावलात तर अर्धवट आमिष हाती येतं. दुसरा गळ तारेनेच शेपटीजवळ जोडा. होडी संथ चालवून आमिष मागे ओढत न्यायचं. मासा लागला की पहिली धाव लांब असते, तेव्हा रिळाचा ब्रेक सैल ठेवा. आवळलात तर तोंड फाटून मासा सुटतो.

होडीत आल्याबरोबर डोक्यावर टोला, मग कल्ल्याखालची शीर कापून दोन-तीन मिनिटं रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात घाला. दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी. नुसत्या बर्फाच्या लाद्यांमध्ये पोकळी राहते, हे पाणी माशाला सगळीकडून भिडतं. किनाऱ्यावर पोट साफ करा, पण काप पाडू नका. अख्खा मासा जाड पिशवीत बांधून थर्माकोलच्या पेटीत ठेवा, माशाच्या वजनाइतका बर्फ वर-खाली भरा. वितळलेलं पाणी वाटेत काढत चला आणि थांबाल तिथे बर्फाची भर घाला. घरी पोचल्यावर पेटीत थोडासुद्धा बर्फ शिल्लक नसेल, तर तो मासा पातेल्यात जाऊ देऊ नका.