वूफर आणि ट्वीटरसाठी वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर लावावेत का? (घर रत्नागिरीत, समुद्राजवळ)

स्पीकरमागे वूफर (खर्जाचे स्वर वाजवणारा भाग) आणि ट्वीटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा भाग) यांच्यासाठी मिळून चार टर्मिनल (तारा जोडण्याच्या जागा) आहेत, एवढ्यावरून दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याची घाई करू नये. स्पीकरमधला मूळ क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) तसाच ठेवल्यास दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना संपूर्ण सिग्नलच वाढवावा लागतो आणि पडणारा फरक बहुधा कानाला जाणवत नाही. खरा फायदा क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी आणल्यावर होतो, कारण मग सिग्नल साधारण २००० ते ३००० हर्ट्झदरम्यान आधीच विभागला जातो आणि खर्जाच्या ठोक्याने वूफरचा अ‍ॅम्प्लिफायर क्लिप झाला (क्षमतेपलीकडे जाऊन आवाज फाटला), तरी ती खरखर ट्वीटरपर्यंत पोहोचत नाही. मात्र ट्वीटर थेट जोडताना त्याच्या तारेत सिरीजमध्ये कपॅसिटर (खालचे स्वर अडवणारा घटक) ठेवावा. अन्यथा चालू-बंद करतानाच्या धक्क्यानेही ट्वीटर जळू शकतो.

जोडणीपूर्वी टर्मिनलांमधल्या धातूच्या पट्ट्या आठवणीने काढाव्यात, नाहीतर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचे आउटपुट एकमेकांना भिडून निकामी होण्याची भीती असते. शिवाय आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या तारेची टोके हिरवी पडतात आणि जोड दुप्पट म्हणजे ही कटकटही दुप्पट. म्हणून कल्हई केलेली तार घ्यावी व पावसाळा सरल्यावर टोके छाटून नव्याने बसवावीत.

माझ्या मते, त्याच पैशांत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) घेऊन ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे सोपवणे अधिक शहाणपणाचे आहे.