वहीतल्या अकरा तारखा

“ताई, मी क्षमा मागतो, रडतो. दोन-चार दिवस हलकं वाटतं आणि मग पुन्हा तेच ओझं. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? की देवानं मला क्षमाच केलेली नाही?”

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, समुपदेशन करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. आवाज खाली आणून लोक तो विचारतात, कारण विश्वासात इतकी वर्षं काढल्यावर असं विचारायची त्यांना लाज वाटते. त्यांच्यातल्याच एका बंधूची ही हकिगत आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या पुढे. पहाटेची प्रार्थना कधी चुकत नाही, वचन तोंडपाठ. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. सात वर्षांतल्या अकरा तारखा त्यांनी लाल शाईने अधोरेखित केल्या होत्या. “या प्रत्येक दिवशी मी पूर्ण समर्पण केलं,” ते म्हणाले.

त्यांना विचारून मी ती पानं वाचली. “आज खूप रडलो. मन मोकळं झालं.” “प्रार्थनेत ओझं उतरल्यासारखं वाटलं.” “आज रडू आलं नाही. प्रभू दूर गेला का?” अकराही नोंदी याच सुरातल्या. वाचून झाल्यावर मी विचारलं, “यात पाप काय होतं, ते कुठे लिहिलंय?”

त्यांनी वही परत घेतली आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. प्रत्येक ठिकाणी “माझे पाप”, “ते जुने पाप”, एका ठिकाणी “लोभ”. त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या भेटीत सगळं बाहेर आलं. वडिलांमागे जागा विकली, तेव्हा व्यवहार यांनीच पाहिला होता. धाकट्या भावाला त्यांनी मिळाली त्यापेक्षा कमी रक्कम सांगितली आणि मधला फरक स्वतःकडे ठेवला. भावाने विश्वासाने सही केली. आजही त्याला यातलं काही ठाऊक नाही. मधल्या काळात यांनी मंडळीत उभं राहून साक्षही दिली होती, देवाने मला लोभातून सोडवलं म्हणून. खाली बसलेल्यांत तो भाऊ होता आणि त्याने मोठ्याने “आमेन” म्हटलं होतं. हे सांगताना ते रडले नाहीत, घाम पुसत राहिले. मला तो घाम आधीच्या सगळ्या रडण्यापेक्षा मोलाचा वाटला.

तरी त्यांच्याकडे ढाल होती, तीही वचनाचीच. बायबलच्या ५१ व्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो की मी केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलं. मग देवाकडे कबूल केलं की पुरे नाही का? मी त्यांना म्हटलं, त्या स्तोत्राच्या मथळ्यापासून वाचा. नाथान संदेष्टा दावीदाकडे आला त्या वेळचं ते स्तोत्र आहे. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला युद्धात मारवलं होतं, त्यामुळे त्याच्यापुढे जाऊन उभं राहण्याची वाट दावीदाने स्वतःच बंद केली होती. तुमचा भाऊ जिवंत आहे. आणि नाथानाच्या तोंडून क्षमा त्याच क्षणी मिळाली, तरी केल्याचे परिणाम दावीदाच्या घरातून हटले नाहीत. दोन्ही गोष्टी २ शमुवेलाच्या १२ व्या अध्यायात शेजारी शेजारी आहेत.

“पण त्याला माहीतच नाही, ताई. त्याच्या मनात माझ्याविषयी काही नाही. उगाच कशाला दुखवायचं?”

हा युक्तिवाद मी इतक्या तोंडून ऐकला आहे की आता त्याचं थेट उत्तर देते. बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्राने असा माणूस आधीच पाहून ठेवला आहे. गणना ५ मध्ये दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याला सांगितलं आहे की त्याने पाप कबूल करावं, पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं त्याला द्यावं. लेवीय ६ मध्ये शेजाऱ्याला फसवणाऱ्यासाठी भरपाई आधी येते, दोषार्पणाचा मेंढा नंतर. समोरच्याच्या मनात काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. जक्कय या जकातदाराने तर फसवलेल्यांना चौपट परत करीन म्हटलं. तेही येशू त्याच्या घरी आल्यावर. त्याने पैसे देऊन येशूला घरी बोलावलं नव्हतं. कृपा आधी आली आणि हात आपोआप सैल झाला. हा क्रम उलटला की पश्चात्तापाचं कर्मकांड होतं.

इब्री शास्त्रात पश्चात्तापासाठी येणारं क्रियापद आहे ‘शूब’, म्हणजे परत फिरणं. चालणाऱ्याचा शब्द आहे तो. आपला माणूस सात वर्षं एकाच जागी उभा राहून रडत होता. प्रेषित पौलाने २ करिंथ ७ मध्ये देवाला मान्य असं दुःख आणि जगाचं दुःख वेगळं केलं आहे, ते याच खुणेने. पहिल्यातून तळमळ आणि कृती निघते.

इथे थोडं थांबते, कारण हे वाचून कोणी चुकीच्या माणसाला घाबरवू नये. काहींना शांती मिळत नाही ती वेगळ्याच कारणाने. पाप कबूल केलेलं असतं, भरपाई झालेली असते, तरी तीच लहानशी गोष्ट दिवसातून पन्नास वेळा मनात घोळते आणि पन्नास वेळा क्षमा मागितली जाते. तो बहुधा मनाचा आजार असतो. अशा व्यक्तीला मी आणखी कबुल्या द्यायला लावत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते आणि क्षमेचं वचन, १ योहान १:९, तिच्यासोबत सावकाश वाचते. आणि जिथे कोणी कुणावर अत्याचार केला आहे, तिथे गुन्हेगाराने आपलं मन हलकं करायला पीडित माणसाच्या दारात जाऊन उभं राहू नये. तिथला मार्ग वेगळा आहे.

या बंधूंचं प्रकरण तसं नव्हतं. त्यांनी आधी पत्र लिहायचं ठरवलं आणि मसुदा मला आणून दाखवला. पहिलं वाक्य होतं, “माझ्याकडून त्या वेळी चूक झाली, पण परिस्थितीच तशी होती.” त्या एका वाक्यावर आमची अख्खी भेट गेली. आपल्या भाषेत ‘चूक होते’, जशी ठेच लागते तशी. करणारा कुठे दिसतच नाही. आधी ‘पण’ गेला. मग “माझ्याकडून झाली” ऐवजी “मी केली” आलं. मग ‘चूक’ हा शब्दही त्यांना खुपायला लागला. शेवटी कागदावर राहिलं ते इतकंच: “मी तुला खोटी रक्कम सांगितली आणि तुझे पैसे ठेवून घेतले.” लिहिताना त्यांचा हात थरथरत होता. मग म्हणाले, पत्र नको, समोर जाऊनच सांगतो.

शौल राजानेही “मी पाप केले” म्हटलं होतं, पण लगेच शमुवेल संदेष्ट्याला विनवलं की वडीलजनांपुढे माझा मान राख. मी त्यांना विचारलं, तुमचा मान गेला तर चालेल? दोन आठवडे ते आले नाहीत.

आले तेव्हा एक प्रश्न घेऊन आले, आणि तो खरा होता. “ताई, येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदानं तर पैसे परत केले. तीस नाणी. निर्दोष माणसाला धरून दिलं असंही कबूल केलं. मग त्याचा पश्चात्ताप का खरा ठरला नाही?” मी म्हटलं, तो याजकांकडे गेला, येशूकडे परत आला नाही. शुभवर्तमानात मत्तयाने तिथे ‘मेटानोइया’ (मन पालटणं) या ग्रीक शब्दाच्या कुळातला शब्द वापरलेला नाही, दुसरा वापरला आहे, नुसता खेद सांगणारा. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याजवळ परत करायला काहीच नव्हतं. तोही ढसाढसा रडला होता, पण पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर प्रभू आहे कळताच त्याने पाण्यात उडी घेतली. तिथे निखारे पेटलेले होते, जसे नाकारलं त्या रात्री अंगणात होते. योहानाला ते दोन्ही वेळा नोंदवावंसं वाटलं. मग तीन नकारांना तीन प्रश्न: माझ्यावर प्रेम करतोस का? येशूने ती जखम झाकली नाही, उघडून बरी केली. म्हणून भरपाई करायची ती त्याच्याकडे तोंड करून.

त्यांनी आधी बायकोला सांगितलं, कारण ते पैसे तिच्याही संसारात खर्च झाले होते आणि फेडीचा भार तिच्यावरही येणार होता. मग भावाकडे गेले. भाऊ ऐकत राहिला. शेवटी एकच वाक्य बोलला, “साक्ष दिलीस तेव्हा मी आमेन म्हटलं होतं रे.” आणि आत निघून गेला.

“मला वाटलं होतं तो गळ्यात पडेल,” ते मला म्हणाले. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “मला तसं वाटायलाही नको होतं.”

फरक आणि वर पाचवा हिस्सा, असं हप्त्यांनी द्यायचं त्यांनी ठरवलं. मंडळीतही उभे राहिले, जुनी साक्ष खोटी होती एवढं सांगून बसले. शांतीचा विषय त्यांनी पुढे काढला नाही, मीही विचारला नाही. गेल्या भेटीत ती वही मी पुन्हा पाहिली. लाल शाई कुठे नव्हती. शेवटची नोंद अशी होती: “तिसरा हप्ता दिला. त्याने माझ्यासमोर मोजून घेतला. दोनदा मोजला. मग म्हणाला, बस जरा.”