साडेएकोणतीस तासांचा करार आणि जपानमधली पेन्शन: एकरकमी पैसे काढण्याआधी हे करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. टोकियोजवळच्या सायतामातल्या एइकाइवामध्ये (इंग्रजी संभाषणाच्या खाजगी शाळेत) चार वर्षं शिकवताय, करार आठवड्याला 29.5 तासांचा, कोसेई नेन्किनबद्दल (नोकरदारांची पेन्शन, अर्धा हप्ता कंपनीचा) विचारलं की कंपनी म्हणते ‘परदेशी शिक्षकांना ते ऐच्छिक आहे’. म्हणून कोकुमिन नेन्किन, म्हणजे सगळ्यांसाठीची मूळ सरकारी पेन्शन, स्वतःच्या खिशातून भरताय. पुढच्या वर्षी पुण्याला परतायचंय आणि जाताना पेन्शनचे पैसे एकरकमी काढून घ्यावेत का, एवढंच तुम्ही विचारलंय. वर सगळ्यांनी ‘काढा, काढा’ म्हटलंय. मला वाटतं, तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की कंपनीने तुमच्या नावावर जे भरायला हवं होतं ते भरलेलंच नाही आणि त्याची मुदत दर महिन्याला एकेक महिना संपत चालली आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही, शारोशीही (विमा-पेन्शनचा परवानाधारक सल्लागार) नाही. जपानमध्ये बरीच वर्षं शिकवलं आणि याच गोष्टीसाठी भांडलो, तेवढ्यावरून लिहितोय. तुमचा करार मी पाहिलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

‘ऐच्छिक’ हे साफ खोटं आहे. कोसेई नेन्किनला राष्ट्रीयत्वाचा संबंध नाही. कोकुमिन नेन्किनमधली जपानी नागरिकत्वाची अटसुद्धा 1982 मध्येच गेली. 29.5 हा आकडा कुठून आला तेही बघा. पूर्णवेळ कामगाराच्या तीन चतुर्थांश तास काम असेल तर नोंदणी सक्तीची. 40 तासांचे तीन चतुर्थांश म्हणजे 30, म्हणून अर्धा तास कमी. वर्षानुवर्षं याच अर्ध्या तासावर शेकडो शिक्षकांना बाहेर ठेवलं गेलं. पण आता ती पळवाट बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे. आठवड्याला 20 तास आणि महिन्याला 88,000 येन एवढ्यावरच नोंदणी लागते. हा नियम ऑक्टोबर 2016 मध्ये 500 हून जास्त कामगारांच्या कंपन्यांना लागू झाला, ऑक्टोबर 2022 मध्ये 100 हून जास्त आणि ऑक्टोबर 2024 पासून 50 हून जास्त. ही मोजणी तुमच्या शाखेची नाही, अख्ख्या कंपनीची होते. त्यामुळे ‘आमच्या शाळेत सातच माणसं आहेत’ असं मॅनेजर म्हणाला तर मान डोलावू नका.

कंपनी खरोखरच लहान असेल तरी प्रत्यक्ष तास मोजा. करारात फक्त वर्गाचे तास धरलेले असतात. दोन वर्गांच्या मध्ये ‘इथेच थांबा, ट्रायल लेसन येऊ शकतो’ म्हणून बसवून ठेवतात, सोमवारची मीटिंग, लेव्हल चेक, रिपोर्ट लिहिणं, हे सगळं कामच आहे. आठवड्याचं वेळापत्रक स्टाफरूमच्या भिंतीवर लागतं ना, त्याचा दर आठवड्याला फोटो काढून ठेवा. सुइकाच्या (रेल्वेच्या प्रवास कार्डाच्या) शेवटच्या 100 नोंदी स्टेशनवरच्या मशीनमधून छापून मिळतात. कोणत्या दिवशी कोणत्या स्टेशनवर उतरलात ते त्यात दिसतं. जुन्या नोंदी मिळत नाहीत, म्हणून हा कागद नियमितपणे काढत राहा. माझ्या प्रकरणात मॅनेजरने ‘हे शिक्षक वर्ग संपला की घरी जातात’ असं लेखी दिलं होतं आणि त्याला उत्तर या कागदांनीच मिळालं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यापायी माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं. मी 2009 पासून त्या शाळेत होतो. 2011 च्या उन्हाळ्यात करार, पगारपत्रकं आणि वेळापत्रकं घेऊन नेन्किन जिमुशोत, म्हणजे सरकारी पेन्शन कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही. काउंटरवरच्या बाईंनी कागद नीट पाहिले, मान डोलावली आणि सांगितलं, ‘हा तुमचा आणि कंपनीचा प्रश्न आहे, आधी कंपनीशी बोला.’ मी म्हटलं, कंपनीशी बोलूनच आलोय. तर म्हणाल्या, ‘मग पुन्हा बोला, आणि कंपनीने फॉर्म भरून दिला की आम्ही नोंद करू.’ अर्ज नाही, शिक्का नाही, पोच नाही. पुढच्या खेपांनाही माणूस नवा आणि उत्तर तेच. मधल्या काळात कंपनी गप्प आणि महिने सरत होते.

शेवटी 2013 मध्ये एका युनियनच्या माणसाने कायद्याचं पान उघडून दाखवलं. कोसेई नेन्किन कायद्याच्या कलम 31 प्रमाणे कामगार स्वतः जिमुशोकडे आपल्या नोंदणीची खातरजमा मागू शकतो. याला काकुनिन सेइक्यू म्हणतात. कंपनीची परवानगी लागत नाही. ही मागणी का महत्त्वाची, ते कलम 75 मध्ये आहे. हप्ता वसूल करण्याची मुदत दोन वर्षं. ती उलटली की त्या महिन्यांची पेन्शन मिळत नाही. मात्र मुदत संपण्याआधी अशी मागणी दाखल झाली असेल, तर तो काळ हातचा जात नाही. मी 2011 मध्ये गेलो तेव्हा माझी मागणी म्हणून नोंद झाली असती, तर 2009 पासूनचा काळ वाचला असता. त्यांच्या दफ्तरात ती फक्त ‘सल्लामसलत’ म्हणून होती. 2013 मध्ये रीतसर मागणी दिली आणि 2011 पासूनचंच मिळालं. त्याआधीचा पगाराशी जोडलेला भाग आणि कंपनीचा अर्धा वाटा कायमचा गेला. एका माणसाने एक फॉर्म पुढे सरकवला असता तर काम झालं असतं. ज्या कार्यालयाचं कामच नोंदणी तपासणं आहे, ते दारात आलेल्या कामगाराला उलट कंपनीकडे कसं पाठवू शकतं, याचा राग मला आजही येतो.

म्हणून कळकळीने सांगतो, विचारपूस करायला जाऊ नका, लेखी मागणी घेऊन जा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा पोच शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. घेत नाहीत असं झालं तर टपालाने पाठवा, पोचपावतीसह. जपानी जमत नसेल तर कोणाला सोबत न्या. ओसाकात जनरल युनियन आहे, टोकियोत टोझेन. दोन्हीकडे परदेशी शिक्षकांची अशी प्रकरणं रोजची आहेत. बरेच जण रोकीत, म्हणजे कामगार निरीक्षकांकडे जातात. पगार, रजा, तीस दिवसांची नोटीस यासाठी तिथे जरूर जा, पण पेन्शनची नोंदणी त्यांच्याकडे नाही. तिथेही वेळ जातो.

एक बाजूची सूचना, जी कोणी सांगत नाही. मागच्या तारखेपासून कोसेई नेन्किन लागलं की त्या महिन्यांचं कोकुमिन नेन्किन परत मिळतं. पण आरोग्य विमाही त्याच तारखेपासून बदलतो. मग महापालिका त्या काळातल्या तुमच्या उपचारांचे 70 टक्के परत मागू शकते आणि ते तुम्हाला नव्या विम्याकडून वसूल करावे लागतात. दवाखान्याची एकही पावती टाकू नका. तुमचा स्वतःचा मागचा वाटाही कंपनी एकदम मागेल. कायद्याने पगारातून फक्त मागच्या महिन्याचा हप्ता कापता येतो, म्हणून बाकीची रक्कम थोडीथोडी फेडायचं ठरवून घ्या आणि ते लेखी घ्या.

आता एकरकमी रकमेकडे येतो. माझं मत वरच्यांपेक्षा वेगळं आहे. तुम्ही लिहिलंय की पुण्यात सहा वर्षं शाळेत पीएफ कापला जायचा. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. जपानी पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात (ऑगस्ट 2017 पर्यंत 25 लागायची) आणि ही दहा वर्षं मोजताना भारतातला काळ जोडता येतो. जपानची पाच आणि पुण्याची सहा, म्हणजे तुम्ही पात्र. एकरकमी रक्कम घेतली की जपानमधला सगळा काळ पुसला जातो, करारासाठीसुद्धा.

ढोबळ हिशेब देतो. दोन वर्षं मागची आणि एक पुढची मिळून 36 महिने कोसेई, आधीची दोन वर्षं नुसतं कोकुमिन, महिन्याचं सरासरी मानधन 2,60,000 येन धरलं. काढून घेतलं तर कोसेईचे त्या मानधनाच्या 3.3 पट म्हणजे 8,58,000 येन, त्यातून 20.42 टक्के कर कापून. कोकुमिनचे दोन लाखांच्या आसपास, बिनकराचे. ठेवलं तर 2024-25 च्या दराने 65 व्या वर्षापासून दर वर्षी साधारण 1,53,000 येन, आणि तेही मरेपर्यंत, भारतातल्या बँकेत. सात वर्षांत तीच रक्कम भरून निघते. शिवाय एकरकमीत तुमचाच अर्धा वाटा परत येतो, कंपनीचा अर्धा तिथेच राहतो. म्हणून मी तरी ठेवा म्हणेन. घरात कर्ज असेल, पैशाची निकड असेल तर गोष्ट वेगळी. तो निर्णय तुमचा. काढायचंच ठरलं तर देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करा आणि निघण्याआधी तिथे कर प्रतिनिधी नेमा, त्याच्यामार्फत कापलेला कर परत मिळवता येतो. इकडे पीएफमधल्या पेन्शनचा 10सी फॉर्म अजून भरला नसेल तर पैसे न काढता त्यावर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या नोकरीच्या काळाचा दाखला घ्या.

आणि कराराचं नूतनीकरण जवळ आलंय असं तुम्ही म्हणता. त्या वेळी ‘ग्योमु इताकु’ (नोकरी नव्हे, बाहेरच्या माणसाला दिलेलं कंत्राट) असं लिहिलेला करार पुढे आला तर जागीच सही करू नका, घरी आणून कोणाला तरी दाखवा. त्याने तुम्ही कागदोपत्री कामगारच राहत नाही. पेन्शन, रजा, बेकारी विमा सगळ्यावर पाणी. वर्गाची वेळ, पुस्तक, कपडे सगळं कंपनी ठरवत असेल तर तो करार कागदावर काहीही म्हणो, त्याला आव्हान देता येतं, पण त्या भांडणात वर्ष जातं आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

काकुनिन सेइक्यूचा जपानी मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर इथेच कळवा, नावं काढून टाकतो. त्यात कंपनीचं रीतसर नाव, कामाला लागल्याची तारीख आणि आठवड्याचे प्रत्यक्ष तास एवढं तुम्हाला भरावं लागेल, तेवढं आजच काढून ठेवा.