हळदीला उघडं बसायची धास्ती

पत्र : मावशी, वय २७, राहायला धायरीत, नोकरी हिंजवडीला. नववीपासून माझी छाती मुलींसारखी वाढलेली आहे. शाळेत पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. शर्टाखाली दोन बनियन घालतो. ढोल पथकही सोडलं, कारण नदीपात्रात सरावाला पावसात टी-शर्ट अंगाला चिकटायचा. मार्गशीर्षात लग्न आहे. हळदीला सगळ्या आत्या-माम्यांसमोर उघडं बसायचं या विचारानेच झोप उडाली आहे. एका क्लिनिकमध्ये गेलो, तर तपासायच्या आधी ईएमआय सांगितला. याच आठवड्यात बुकिंग केलं तर सूट म्हणे. गुपचूप ऑपरेशन करून टाकू का? होणाऱ्या बायकोला सांगू का? (मध्ये वर्षभर जिममधल्या ट्रेनरने दिलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनं घेतली, त्यानंतर जास्त वाढलं. दीड वर्षापूर्वी बंद केली.)

उत्तर : अरे, पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू कंसात टाकलीस! ती औषधं स्टिरॉइडची असण्याची दाट शक्यता आहे. पुरुषी हार्मोन बाहेरून भरमसाट आलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमध्ये बदलतं आणि छातीतली ग्रंथी त्यावर पोसते. शिवाय आयतं मिळतंय म्हटल्यावर वृषणं आपलं काम कमी करतात, शुक्रजंतूही घटतात. औषधं थांबवल्यावर बहुतेकांचं हळूहळू रुळावर येतं. पण तुझं लग्न तोंडावर आहे, तेव्हा ते आलंय की नाही हे तपासून घे. आणि ऑपरेशननंतर पुन्हा त्या ट्रेनरच्या नादी लागलास, तर छाती पुन्हा वाढू शकते.

मूळ दुखणं मात्र जिमच्या आधीचं आहे. याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांची छाती थोडीफार वाढते आणि सहा महिने ते दोन वर्षांत बसते. काहींची बसत नाही, तुझी त्यातली. तुला नावं ठेवणाऱ्या पोरांपैकीही कित्येकांनी तेव्हा स्वतःची छाती चाचपून पाहिली असेल, पैजेवर सांगते. तुझ्या पुरुषपणात यानं काडीचंही उणं येत नाही.

उताणा झोपून स्तनाग्राच्या मागे बोटांनी दाबून बघ. रबरासारखी घट्ट चकती लागली तर ती ग्रंथी; सगळंच मऊ लागलं तर नुसती चरबी. चरबी वजन उतरल्यावर कमी होते. ग्रंथी कितीही जोर मारलेस तरी वितळत नाही, उलट इतक्या वर्षांत ती तंतुमय झालेली असते. म्हणून टॅमॉक्सिफेनसारख्या, इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग सुरुवातीच्या महिन्यांतच. आता फारसा नाही.

आधी हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा. ते टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर बघतील, गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. वृषणंही तपासतील, तिथे लाजू नकोस. तिथल्या गाठीमुळेही छाती वाढू शकते. दुसऱ्या कशासाठी गोळ्या चालू असतील, अगदी केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड, तरी सांग. छातीतली गाठ एकाच बाजूला, दगडासारखी कडक असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर थांबू नकोस. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचित होतो, पण होतो.

कारण सापडलं नाही किंवा सापडून दूर झालं, आणि छाती तशीच राहिली, तर ऑपरेशन जरूर कर. त्याला नखरा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. बारीक नळीने चरबी ओढून घेतात आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला छेद घेऊन ग्रंथी काढतात. व्रण त्या कडेत बराचसा लपतो. जाहिरातीत हे कालच निघालेलं तंत्र वाटतं, पण त्या छेदाची पद्धत वेब्स्टर नावाच्या सर्जनने १९४६ सालीच मांडली होती. एक-दोन तासांचं काम, बहुधा त्याच दिवशी घरी. लॅपटॉपचं काम आठवड्याभरात सुरू होतं. घट्ट प्रेशर जॅकेट मात्र चार ते सहा आठवडे, आणि तितकेच दिवस वजनं बंद. रक्त किंवा पाणी साचणं, बधिरपणा, ग्रंथी जास्त काढली तर मध्ये खड्डा पडणं, हे धोके आधी विचारून घे.

तपासायच्या आधी ईएमआय सांगणाऱ्याकडे परत जाऊ नकोस. ऑपरेशन करणाराच सर्जन तुला तपासतोय ना, त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, हे पाहा. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीला पाठवणार का, तेही विचार. खर्चाचा अंदाज दोन ठिकाणी घे, ससूनमध्येही चौकशी करायला हरकत नाही. मेडिक्लेमवाले अनेकदा हे कॉस्मेटिक म्हणून नाकारतात, म्हणून आधी लेखी विचार.

राहिली हळद. अनंत चतुर्दशीनंतर ऑपरेशन झालं तर तोवर जॅकेट उतरलेलं असेल, पण सूज पूर्ण जायला काही महिने लागतात. तपासण्या लांबल्या तर खुशाल लग्नानंतर कर. मुहूर्त लग्नाला असतो, ऑपरेशनला नाही. हळदीला जुना सदरा घालून बस. हल्ली निम्मे नवरदेव कुर्त्यातच बसतात. कुणी काढायला लावलाच तर हळद हातापायांना आणि गालाला लावा म्हणायचं.

होणाऱ्या बायकोला मात्र सांग, आणि लग्नाआधी सांग. लग्नानंतर जॅकेट लपवत हिंडणार आहेस का? माफी मागितल्यासारखं सांगू नकोस. चहा पिता पिता सांग, की माझी छाती लहानपणापासून अशी आहे, डॉक्टरांना दाखवतोय. जिमच्या औषधांचंही सांग. मूल हवं असेल तर तो तिच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. तिला थोडा वेळ लागला तर लागू दे. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, त्यात मी पडत नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना त्या गोळ्यांची बाटली, निदान तिचा फोटो, बरोबर ने.