एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे वाढले म्हणजे जातीय अत्याचार वाढले का? ठाण्याच्या बातम्यांत तर काहीच दिसत नाही.

नुसत्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे २०२१ मध्ये ५०,९०० गुन्हे देशभरात नोंदले गेले, २०२२ मध्ये ५७,५८२. यात अत्याचार किती वाढले आणि तक्रार द्यायला धजावलेली माणसं किती, हे कळत नाही. पोलिसांनी ॲट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं, कलमच लावलं नाही, तर तो गुन्हा या रकान्यात येत नाही.

बातमीचं तर विचारूच नका. खैरलांजीत दलित कुटुंबातल्या चौघांचं हत्याकांड २००६ च्या सप्टेंबरात घडलं, मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली मोर्चे निघाल्यावर. ठाण्याच्या पानावर ‘जुन्या वादातून मारहाण’ दिसलं, की वाद कशाचा आणि कलमं कोणती लागली हे बघा. शिवाय कल्याण, भिवंडी, उल्हासनगर ठाणे पोलीस आयुक्तालयातच येतात; नुसत्या घोडबंदर रोडवरून ठाणं शांत ठरवू नका.