बाँडचे वर्ष : पाट्या टाकायच्या की हात बसवायचा?

शासकीय आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना इंटर्नशिपनंतर एक वर्ष सक्तीची शासकीय सेवा करावी लागते. कागदोपत्री तिचे नाव ‘सामाजिक उत्तरदायित्व सेवा’, बोलताना सगळे ‘बाँड’ म्हणतात. या वर्षाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे आमच्या सल्लागार डॉक्टरांची.

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मला चार महिने झाले. रोज चाळीस-पन्नासची ओपीडी, त्यात खोकला, खरूज, कंबरदुखी. जरा गंभीर पेशंट आला की स्टाफ मला विचारायच्या आधीच १०८ ला फोन करतो. उरलेला वेळ सह्या आणि मीटिंगा. विचारायला कोणी सीनियर नाही, ‘नीट पीजी’चा (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) अभ्यासही होत नाही. वर्ष फुकट चालले आहे असे वाटते.

वाटते त्यात खोटे काही नाही. ‘ग्रामीण भागाची सेवा, मोठा अनुभव’ असली भाषणे ऐकवून आम्ही तुमची समजूत काढणार नाही. स्टाफचेही एक म्हणणे असते, ते मात्र समजून घ्या. दर वर्षी नवा डॉक्टर येतो, बारा महिन्यांनी जातो. आधीच्या दोघा-तिघांनी ‘पाठवून द्या’ म्हटले की पाठवणे हीच केंद्राची पद्धत होऊन बसते.

म्हणून सुरुवात संदर्भ सेवा नोंदवहीपासून (मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या पेशंटच्या नोंदींपासून) करा. मागच्या बारा महिन्यांचे रेफर केलेले पेशंट एका वहीत तीन रकान्यांत लिहून काढा. शस्त्रक्रिया किंवा रक्त लागणार होते म्हणून गेलेले पहिल्या रकान्यात, औषध किंवा उपकरण हाताशी नव्हते म्हणून गेलेले दुसऱ्यात आणि डॉक्टर जागेवर नव्हता म्हणून गेलेले तिसऱ्यात. पहिल्या रकान्याचे तुम्ही काही करू शकत नाही. उरलेल्या दोन रकान्यांत तुमचे आठ महिने आहेत.

तुमच्या भागात दुसऱ्या रकान्यात सर्पदंश निघणारच. रक्तावर परिणाम झाला आहे का, हे ओळखायला लागते ती फक्त एक काचेची परीक्षानळी आणि घड्याळ. नळी नवी, स्वच्छ, कोरडी हवी. त्यात शिरेतले ताजे २ मिली रक्त घ्या, नळी स्टँडला लावा आणि २० मिनिटे हात लावू नका. मग एकदाच तिरकी करा. रक्त पाण्यासारखे वाहिले तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचे विष चढले आहे. चाचणी फसते ती दोन कारणांनी. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असते, किंवा काचेची नळी सापडली नाही म्हणून रोजच्या प्लास्टिकच्या नळीत रक्त घेतले जाते. दोन्हींत निकालावर विश्वास ठेवता येत नाही. बारा काचेच्या नळ्या मागवून डब्यात बंद ठेवा, डब्यावर ‘फक्त सर्पदंश’ असे लिहा.

विषाची लक्षणे दिसली की प्रतिविषाच्या १० कुप्या. प्रत्येक कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती हातात हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि वेळ जातो. दहा कुप्या विरघळवणे एकट्याचे काम नाही, एका सिस्टरला हाताशी घ्या. सलाइनमधून सुमारे तासाभरात द्या. टेस्ट डोस देऊ नका, त्याचा उपयोग नाही. मुलालाही कुप्या तेवढ्याच, कारण सापाने विष काही कमी सोडलेले नसते. फक्त सलाइन कमी करायचे. सिरिंजमध्ये अॅड्रेनलिन भरलेले असल्याशिवाय सलाइन सुरू करायचे नाही. अंगावर गांधी उठल्या, घरघर लागली, तर प्रतिविष थांबवा, मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत द्या, आणि सावरल्यावर हळू वेगाने पुन्हा सुरू करा. रक्तगोठणाची चाचणी दर ६ तासांनी.

मण्याराचे वेगळे. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो, दंशाची खूण सापडत नाही, आणि त्याला अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवले जाते. पहाटेच्या पोटदुखीत ‘वर बघा’ म्हणून पापण्या तपासायच्या. त्या उचलत नसतील तर प्रतिविष, निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन द्या, आणि अँब्यू बॅगसह (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीसह) पाठवा. पण मण्याराच्या विषात निओस्टिग्मिनवर भिस्त ठेवू नका. खरा आधार श्वासाचा आहे. बॅगचा मास्क तळहातावर दाबून हवा गळते का, हे आजच बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी मास्कची कड कडक होऊन गेलेली असते.

आता बाळंतपण. झटके आलेल्या गरोदर बाईला पाठवण्याआधी झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा (मॅगसल्फचा) पहिला डोस मिळायलाच हवा. ५० टक्क्यांच्या २ मिली अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असते. दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत, म्हणजे एकूण १० अँप्यूल. होते काय, की ‘मॅगसल्फ दिले’ असे चिठ्ठीवर असते आणि प्रत्यक्षात दोन अँप्यूल गेलेल्या असतात, कारण ट्रेमध्ये तेवढ्याच होत्या. दहा अँप्यूल, दोन १० मिली सिरिंज आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट एका पिशवीत घालून पिशवी लेबर रूमच्या भिंतीला टांगा. रेफर चिठ्ठीवर डोस आणि वेळ लिहा, नाहीतर वरच्या रुग्णालयात तोच डोस परत दिला जातो.

(कोकणात नेमणूक असलेल्यांसाठी : घाम, गार हातपाय, उलट्या अशा लाल विंचवाच्या पेशंटला प्राझोसिनची साधी गोळी, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर ३ तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, पेशंट आडवाच ठेवायचा. हा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला. नुसत्या वेदना असतील तर प्राझोसिन लागत नाही, दंशाच्या जागी बधिर करणारे लिग्नोकेन पुरते.)

अभ्यासाचे म्हणाल तर ओपीडीच्या वेळेत पुस्तक उघडून काही होत नाही. दुपारची ओपीडी ते संध्याकाळ हा वेळ बऱ्याच केंद्रांत मोकळा जातो, तो घ्या. मीटिंगांचे ओझे हलके करायचे असेल तर महिन्याचे अहवाल २५ तारखेपासूनच भरायला घ्या; तालुक्याला खेपा होतात त्या अर्धवट अहवालांमुळे.

प्रश्न : माझी इंटर्नशिप संपत आली. समुपदेशनात (जागावाटपाच्या फेरीत) बाँडची जागा निवडताना काय बघावे? सगळे म्हणतात, शहराजवळचे घे.

शहराजवळच्या केंद्रात पेशंट गावातल्या खासगी दवाखान्यात जातो आणि तुमच्याकडे लसीकरण व सह्या उरतात. अंतर सगळ्यात शेवटी बघा. आधी विचारा की तिथे महिन्याला बाळंतपणे किती होतात. तो आकडा दोन-तीनवर अडकला असेल तर तिथला लेबर रूम नावालाच. मग निवासस्थान : आहे का, त्यात पाणी आहे का, सध्या कोण राहते. तिसरे, कायम वैद्यकीय अधिकारी हजर असतो की कागदावरच असतो.

ही माहिती डॉक्टरला विचारू नका, तो जागा सोडायच्या घाईत असतो. औषधनिर्माण अधिकाऱ्याला किंवा आरोग्य सेविकेला फोन करा. रात्रीची शेवटची एसटी किती वाजता, हेही तिथूनच कळते.

नीट पीजी यंदाच द्यायची असेल तर ग्रामीण रुग्णालय बरे. तिथे ३० खाटा असतात, पाळ्या लागतात, ड्यूटी संपली की संपली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्यूटी संपत नाही. तिथे मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येचा निकष आहे, आणि रात्री दार वाजले की उठणारे तुम्हीच.

प्रश्न : रुजू होऊन तीन महिने झाले, पगार नाही. ऑफिसात ‘अनुदान आले नाही’ एवढेच उत्तर मिळते.

कधी कधी ते खरे असते. पण आधी कागद तपासा. रुजू अहवाल तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे गेला का? तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का? महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी जोडली का, की इंटर्नशिपच्या तात्पुरत्या नोंदणीचाच कागद गेला? दर महिन्याचा हजेरी दाखला कोण पाठवते? यातला एक कागद अडला तरी अनुदान येऊनही तुमचे बिल निघत नाही, आणि उत्तर तेच मिळते. बिल लावणाऱ्या लिपिकाला नेमका प्रश्न विचारा : ‘माझे नाव कोणत्या महिन्याच्या बिलात आहे?’

चार्ज घेताना साठा न मोजता सही केली असेल तर आठवडाभरात मोजून घ्या. रजिस्टर, ई-औषधी (साठ्याची ऑनलाइन नोंद) आणि कपाट, तिन्हींतला आकडा जुळला पाहिजे. मुदत संपलेल्या औषधांची यादी वेगळी करून लेखी कळवा. वर्षअखेरीस सेवापूर्ती दाखल्याच्या वेळी हाच साठा आडवा येतो, आणि तोवर ज्याने घोळ घातला तो बदलून गेलेला असतो.

प्रश्न : गावातली वजनदार मंडळी मारामारीत साधी जखम ‘गंभीर’ लिहा, मागच्या तारखेचा आजारपणाचा दाखला द्या, म्हणून बसतात. नाही कसे म्हणायचे?

वाद घालून नाही, कागद दाखवून. एमएलसी (पोलिसांशी संबंधित केसेसच्या) रजिस्टरमध्ये तपासणीची तारीख व वेळ, ओळखीच्या दोन खुणा, अंगठ्याचा ठसा आणि जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जवळच्या हाडापासूनच्या अंतरासह, पेशंट समोर असतानाच लिहा. हाड मोडल्याची शंका असेल तर ‘अभिप्राय एक्स-रेनंतर’ एवढेच. मग मंडळींना सांगता येते, ‘एक्स-रे काढून आणा, त्यात असेल ते लिहीन.’ खाडाखोड करू नका. चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही. मागच्या तारखेचा दाखला कधीच नाही. आज तपासले तर आजचीच तारीख. पेशंट ‘पाच दिवसांपासून आजारी’ म्हणतो असे लिहिता येते, पण ते त्याचे सांगणे म्हणून.

शवविच्छेदनातही हेच. पोलिसांचे मागणीपत्र आणि पंचनामा हातात आल्याशिवाय सुरू करू नका. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा (तपासणीला पाठवायचे आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरणी दोन-तृतीयांशच भरायची, आणि नुसत्या द्रावणाची एक वेगळी बरणी सोबत. ही शेवटची बरणी हमखास विसरली जाते. मीठ बाजारातून आणून टिकेल एवढे ठेवा. ऐन वेळी शिपाई दुकान उघडे शोधत फिरतो.

प्रश्न : मुलाला बाँड करायचाच नाही. १० लाख भरून मोकळे होता येईल का? (एक पालक)

एमबीबीएसच्या बाँडची दंडाची रक्कम १० लाख रुपये, हे बरोबर. पण दंड भरून सुटण्याची मुभा आहे की सेवा करावीच लागते, हे प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे बदलते. मुलाने प्रवेशाच्या वेळी सही केलेले बंधपत्र काढा, ते वाचा आणि तेच घेऊन महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात जा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे शासन निर्णय बहुधा दुसऱ्याच वर्षाच्या तुकडीचे असतात.